सिल्वासाची इगर्ज: करुणामातेच्या मंदिराची सव्वाशे वर्षे

दमणगंगेच्या काठचे सिल्वासा आज कारखान्यांचे शहर म्हणून ओळखले जाते. आमली, डोकमर्डी, टोकरखाडा या एके काळच्या निरनिराळ्या वस्त्या आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. डोकमर्डीच्या बाजूने शहरात शिरणाऱ्यास दिसतात ती नवी घरे, नवी दुकाने आणि गुजराती, हिंदी, मराठी अशा तिन्ही भाषांतील पाट्या. पोटापाण्यासाठी दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या माणसांचे हे शहर असल्यामुळे, येथे पुरातन असे काही असेल हे पाहुण्याच्या ध्यानीमनीही नसते. परंतु गावाच्या जुन्या भागात, आदिवासी संग्रहालयापासून हाकेच्या अंतरावर, १८९७ साली बांधलेले एक ख्रिस्तमंदिर उभे आहे. ‘नोसा सेन्योरा दा पिएदादे’ हे त्याचे पोर्तुगीज नाव. गोव्याकडील मंडळी चर्चला ‘इगर्ज’ म्हणतात. या लेखात आपणही तो शब्द वापरू.

‘पिएदादे’ या शब्दाचा अर्थ समजून घेतल्यावाचून या वास्तूकडे पाहणे अपुरे ठरेल. इंग्रजीतून त्याचे भाषांतर करताना ‘भक्ती’ असा अर्थ घेतला जातो. वस्तुतः येथे अभिप्रेत आहे ती करुणा. क्रुसावरून उतरविलेला पुत्राचा निष्प्राण देह मांडीवर घेऊन बसलेली माता, हे या नावामागील चित्र होय. गोव्यात दिवाडी बेटावरील टेकडीवर याच नावाची प्रसिद्ध इगर्ज आहे. सिल्वासाच्या इगर्जीला हे नाव देणाऱ्यांच्या हाती त्या वेळी राजसत्ता होती. ती सत्ता पुढे गेली आणि इगर्ज राहिली. हे कसे घडले, हा आपल्या मराठी मंडळींनी मुद्दाम जाणून घ्यावा असा विषय आहे. कारण या कथेचा आरंभ पुण्याच्या दरबारात होतो.

पुण्याहून निघालेला कागद

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीजांची सत्ता संपुष्टात आली. दमण व दीव एवढीच ठाणी त्यांच्याकडे राहिली. त्या मोहिमेतून आणलेल्या चर्चच्या मोठमोठ्या घंटा महाराष्ट्रातील देवळांत आजही पाहावयास मिळतात. भीमाशंकरास एक आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, आणि वाईजवळच्या मेणवलीस नाना फडणविसांच्या घाटावर एक आहे. नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हा इसवी सन स्पष्ट वाचता येतो.

पुढे चाळीस वर्षांनी काळाची गरज पालटली. १७७२ मध्ये मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांच्या ‘सान्ताना’ या लढाऊ गलबताचे नुकसान केले होते, व त्याच्या भरपाईची मागणी पुण्यास चालू होती. इकडे इंग्रजांशी युद्ध जुंपलेले. अशा वेळी आणखी एका दर्यावर्दी सत्तेशी वैर ठेवणे परवडणारे नव्हते. सवाई माधवराव अवघे पाच वर्षांचे होते आणि कारभार नाना फडणविसांच्या हाती होता. १७ डिसेंबर १७७९ रोजी पोर्तुगीजांशी तह झाला आणि दमणलगतच्या प्रदेशातील बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे त्यांना तोडून देण्याचे ठरले. त्याप्रमाणे जून १७८३ मध्ये नगर हवेलीचा परगणा आणि १७८५ मध्ये दादरा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. मिळून ही बहात्तर खेडी.

ज्या नानांच्या मेणवलीस वसईकडची घंटा टांगलेली होती, त्याच नानांच्या कारभारात ही गावे पोर्तुगीजांकडे गेली. इतिहासात अशी वळणे असतात. पुण्याच्या दृष्टीने हा केवळ वसुलाचा हक्क होता. भूमीचे स्वामित्व दिलेले नव्हते. परंतु १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, हिशेब मागणारे कोणी उरले नाही, आणि सरंजामदार म्हणून आलेले पोर्तुगीज परगण्याचे राजे होऊन बसले.

नवे गाव, नवा धर्मप्रांत, नवी इगर्ज

परगणा घनदाट अरण्याचा. वस्ती वारली, कोकणा, धोडिया, काथोडी इत्यादी आदिवासींची. त्यांची श्रद्धा हिरवा, वाघदेव यांसारख्या आपापल्या दैवतांवर. या लोकांत पोर्तुगीजांचा वावर फार काळ वसूल व जंगल यांपुरताच होता. परगण्याचे ठाणे दरारा या गावी असे. सिल्वासा हे तेव्हा एक लहानसे खेडे होते.

११ फेब्रुवारी १८८५ च्या हुकुमाने हे ठाणे सिल्वासास हलविण्यात आले, खेड्याला नगराचा दर्जा मिळाला आणि त्याचे नाव ‘पासो द आर्कोस’ असे ठेवण्यात आले. हे लिस्बनजवळील एका गावाचे नाव. त्या वेळच्या गव्हर्नर जनरलची सरदारकीची पदवीही तीच होती. गावकऱ्यांच्या जिभेवर मात्र ते कधी रुळले नाही. हुकुमाने गावाचा दर्जा बदलला तरी बोलीतले नाव बदलत नाही, याचा हा एक नमुना होय.

दुसऱ्याच वर्षी आणखी एक घटना घडली. पूर्वेकडील चर्चवर पोर्तुगालच्या राजाचा परंपरागत आश्रयाधिकार असे. त्यास ‘पाद्रुआदो’ म्हणत. बिशपांची नावे राजाने सुचवावी, चर्चचा खर्च राजाने सोसावा, अशी ती व्यवस्था होती. या अधिकाराबाबत पोप तेरावे लिओ आणि पोर्तुगाल यांच्यात १८८६ मध्ये करार झाला, व त्याच वर्षी दमणचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण करण्यात आला. नवे ठाणे झाले, नवा बिशप आला; मग इगर्जही हवीच. ती १८९७ मध्ये पोर्तुगीज धाटणीने उभी राहिली.

१८९७ हे साल मराठी माणसास निराळ्या कारणांनी आठवते. पुण्यात प्लेगचा कहर, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळ्या. त्याच वर्षी या रानातल्या गावी हे मंदिर बांधले गेले. एका परक्या सत्तेच्या विरोधात पुणे पेटत असताना दुसरी परकी सत्ता येथे आपल्या देवाला कायमची जागा करून देत होती.

इंग्रजांची चर्चे आणि ही इगर्ज

मुंबई-पुण्याकडील वाचकांच्या मनात ‘साहेबांचे चर्च’ म्हटले की जे चित्र उभे राहते, ते इंग्रजांच्या अँग्लिकन पंथाचे. मुंबईच्या कोटातील सेंट थॉमस चर्च १७१८ च्या नाताळात खुले झाले. त्याकडे जाणाऱ्या कोटाच्या वेशीवरून ‘चर्चगेट’ हे नाव पडले आणि तेच पुढे रेल्वे स्थानकास मिळाले. पुण्याच्या लष्करातील सेंट मेरी चर्च १८२५ चे, आणि पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेले कुलाब्याचे अफगाण चर्च १८५८ चे. या वास्तूंच्या भिंतींवर संगमरवरी पाट्या आहेत. त्यांवर लढाईत वा तापाने मेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे वाचत गेले, तर कंपनी सरकारचा निम्मा इतिहास वाचून होतो. इंग्रजांनी ही चर्चे प्रामुख्याने स्वतःसाठी बांधली होती.

पोर्तुगीजांची रीत निराळी. त्यांच्या राज्यात धर्म आणि राजसत्ता हातात हात घालून चालत, आणि त्यापायी गोव्याने पूर्वी अतोनात छळ सोसला, हे विसरता येत नाही. परंतु त्याच इतिहासातून एतद्देशीय ख्रिस्ती समाज घडला, गोमंतकीय धर्मगुरूंची परंपरा उभी राहिली. म्हणून गोऱ्या पलटणी गेल्यावर लष्करी चर्चे जशी ओस पडू लागली, तशी पाळी गोमंतकीय वळणाच्या इगर्जींवर आली नाही. अँग्लिकन चर्चला येथे टिकण्यासाठी नवा संसार मांडावा लागला: २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले, आणि वर उल्लेखिलेली चर्चे आज त्याच संस्थेची आहेत.

सिल्वासाच्या इगर्जीचा राजाश्रयही अल्पायुषीच ठरला. ती तेरा वर्षांची असताना, १९१० मध्ये, पोर्तुगालमधील राजेशाही कोसळली. १९११ च्या कायद्याने तेथे राज्यसंस्था व धर्मसंस्था अलग करण्यात आल्या. १९२८ मध्ये दमणचा धर्मप्रांतही विसर्जित होऊन दमणकडचा भाग गोव्यास जोडला गेला. ज्या राजाच्या, ज्या बिशपच्या काळात ही वास्तू उभी राहिली, ती दोन्ही पदे तिच्या पहिल्या एकतीस वर्षांतच नाहीशी झाली होती.

ऑगस्ट १९५४

त्यानंतर आला तो मुक्तिसंग्राम. २१ जुलै १९५४ च्या रात्री ‘युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स’च्या स्वयंसेवकांनी दादरा घेतले. त्यांचे नेते फ्रान्सिस मस्करेन्हस होते. २८ जुलैस नरोली मुक्त झाले, आणि १ ऑगस्टची रात्र सरून २ ऑगस्ट उजाडला तेव्हा सिल्वासावरील पोर्तुगीज अंमल संपला होता. या कामी आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे, तसेच राजा वाकणकर, संगीतकार सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे अशी महाराष्ट्रातील मंडळी अग्रभागी होती. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो शिपायांसह खानवेलकडे निसटला. ११ ऑगस्टला त्यानेही शस्त्रे खाली ठेवली.

या लढ्याच्या वेळी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार जगाला सांगत होता की, भारतातील पोर्तुगीज मुलूख हा ख्रिस्ती संस्कृतीचा ठेवा असून तो गेल्यास धर्म संकटात येईल. दादरा घेणाऱ्यांचा नायकच मस्करेन्हस नावाचा असल्याने या युक्तिवादातील हवा तेथेच गेली. लढा होता तो पोलीस चौकीशी, कचेरीशी आणि त्यांवरील निशाणाशी, वेदीशी नव्हता. पुढच्या वर्षी, जुलै १९५५ मध्ये, पंडित नेहरूंनी रोमला पोप बारावे पायस यांची भेट घेतली, आणि गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नव्हे, हे पोपना मान्य असल्याचे नंतर सांगितले.

वसईच्या विजयानंतर घंटा देवळोदेवळी गेल्या. तो त्या काळाचा न्याय होता. सिल्वासाच्या विजेत्यांच्या मनात असे काही नव्हते. दोन्ही प्रसंगी लढणारे मराठी होते, मात्र मधल्या दोन शतकांनी त्यांना पुष्कळ शिकविले होते.

हेगच्या न्यायालयात मोडीचा कागद

पराभव पोर्तुगालला पचला नाही. डिसेंबर १९५५ मध्ये त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. दमणहून या परगण्यात येण्यासाठी भारताच्या मुलखातून जाण्याचा आपला हक्क भारताने हिरावला, अशी तक्रार होती. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. न्यायमूर्ती छगला भारतातर्फे न्यायासनावर होते. १७७९ चा तह आणि त्यानंतरच्या सनदा यांचे शब्द तेथे पुन्हा एकदा तपासले गेले. पेशव्यांनी दिले ते राज्य की सरंजाम, हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांनी युरोपातील विद्वान न्यायाधीशांपुढे आला.

निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. मराठ्यांनी दिला तो केवळ सरंजाम, स्वामित्व नव्हे, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांचे स्वामित्व गृहीत धरले होते, असेही नमूद केले. सामान्य माणसे, मुलकी अधिकारी व माल यांच्या जाण्यायेण्याचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे यांचा नव्हता. आणि भारताने कोणतेही कर्तव्य मोडले नाही, असे ठरले. तोवर परगण्याचा कारभार येथील वरिष्ठ पंचायतच चालवीत होती. ११ ऑगस्ट १९६१ रोजी प्रदेश भारतात रीतसर विलीन झाला. पोर्तुगालने १९७४ मध्ये ही वस्तुस्थिती मान्य केली. पाद्रुआदोचा उरलासुरला संबंधही त्यानंतर तुटला, आणि गोवा-दमणचा महाधर्मप्रांत थेट रोमच्या अधिकाराखाली आला.

आपल्यासाठी

२६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हे एकच केंद्रशासित प्रदेश झाले आहेत. २०११ च्या शिरगणतीत सिल्वासाची वस्ती अठ्ठ्याण्णव हजारांच्या घरात होती, आणि साऱ्या दादरा-नगर हवेलीत ख्रिस्ती लोक शेकडा दीडच्या आसपास होते. पासो द आर्कोस हे नाव आज कोणाला ठाऊक नाही. पिएदादेची इगर्ज मात्र आहे.

आपल्या वाचकांपैकी कोणी बडोद्यास असतील, कोणी इंदूर-ग्वाल्हेरीस, कोणी तंजावरास. आपले पूर्वज तेथे गेले ते बहुधा एखाद्या मराठी राज्याच्या चाकरीत, त्याच्या निशाणामागून. ती राज्ये गेली, वाडे सरकारजमा झाले, दप्तरे पेटाऱ्यांत गेली. तरी विठोबाच्या देवळात काकडआरती होत राहिली, गणपती बसत राहिले, आणि आजूबाजूच्या लोकांनी आपल्याला परके मानले नाही. राज्याबरोबर आलेली श्रद्धा राज्याशिवाय जगू शकते की नाही, हे शेवटी शेजारी ठरवितात, आणि तिला सांभाळणारी घरे ठरवितात.

सिल्वासाला कामानिमित्त वा आप्तांकडे येणाऱ्यांनी ही इगर्ज अवश्य पाहावी. चपला बाहेर काढण्याची तेथे रीत नसली, तरी आवाज खाली ठेवण्याची आहे. राजाचे नाव, बिशपचे नाव, गावाचे पोर्तुगीज नाव, सारी पुसली गेली. पुत्राला मांडीवर घेतलेल्या मातेचे नाव तेवढे उरले आहे. तिच्यापुढे मेणबत्ती लावणाऱ्यास पुण्याच्या तहाची वा लिस्बनच्या हुकुमाची आठवण असण्याचे काही कारण नाही. आपल्याला ती असावी. कारण ज्या कागदामुळे ही वास्तू येथे उभी राहू शकली, तो कागद आपल्या घरातून गेला होता.