राहतं घर कुठलं?

आत्या दसरा झाला की सांगलीला यायची आणि उन्हाळा लागला की न्यू जर्सीला मुलाकडे परत जायची. आतेभावाने अमेरिकेचं नागरिकत्व घेतल्यावर आईसाठी अर्ज केला होता. नागरिकाचं वय एकवीसच्या पुढे असेल तर त्याच्या आईवडिलांना कोट्याची रांग नसते, त्यामुळे आत्याचं ग्रीन कार्ड फारसा त्रास न होता आलं. पाच वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग एका थंडीत ती सांगलीच्या घरात न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया, मग वॉकर, मग काठी. ती विमानात बसण्याजोगी होईपर्यंत सांगलीला येऊन साडेदहा महिने उलटले होते.

‘‘वर्षाच्या आत तिथल्या जमिनीला पाय लागला की झालं,’’ ती फोनवर म्हणाली. ‘‘कार्ड जिवंत राहतं.’’

कार्ड जिवंत ठेवायला जाणं हा शब्दप्रयोग आता पुणे, ठाणे, नाशिकच्या सोसायट्यांमध्ये सहज कानावर पडतो. कोणी सहा महिन्यांचा हिशेब सांगतं, कोणी वर्षाचा. दोन्ही आकडे खरे आहेत, पण लोक त्यांचा जो अर्थ लावतात तो खरा नाही. या गैरसमजापायी अनेक म्हातारी माणसं गुडघे धरून अठरा-वीस तासांचे प्रवास करतात आणि तरीही विमानतळावर अडचणीत येतात. म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

वर्षाचा आकडा कार्डाबद्दलचा आहे. परदेशातला मुक्काम एक वर्षापेक्षा कमी असेल तरच ते प्लास्टिकचं कार्ड परतीचा कागद म्हणून चालतं. वर्ष झालं की मुंबईच्या विमानतळावर विमान कंपनीच तुम्हाला चढू देणार नाही, मग कार्डावर पुढची सहा वर्षं शिल्लक का असेनात. सहा महिन्यांचा आकडा आला 1996 च्या कायद्यातून. सलग 180 दिवसांहून जास्त बाहेर राहिलेला कार्डधारक परत आला की तो नव्याने प्रवेश मागतोय असं कायदा धरतो. म्हणजे एरवी घरच्या माणसासारखं आत जायचं, त्याऐवजी तब्येतीपासून पोट भरण्याच्या सोयीपर्यंत सगळी चौकशी होऊ शकते. नागरिकत्वासाठीही सहा महिन्यांचा एक वेगळा नियम आहे, आणि लोकांच्या बोलण्यात हे दोन्ही नियम एकमेकांत मिसळून जातात.

पण यातला कुठलाही आकडा ‘इतके दिवस राहा, तुमचा दर्जा पक्का’ असं म्हणत नाही. कॅनडाचा कायदा तसं म्हणतो. तिथल्या कायम रहिवाशाने पाच वर्षांत 730 दिवस कॅनडात काढायचे. वही घेऊन बेरीज करता येते. अमेरिकेच्या कायद्यात अशी वही नाही. तिथला प्रश्न एकच असतो: तुम्ही परदेशी तात्पुरते गेला होतात का? तात्पुरते गेला असाल तर दहा महिनेही चालून जातात. मुक्कामच हलवला असेल तर दोन महिनेही पुरेत.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेच्या इमिग्रेशन अपील मंडळाच्या 1975 मधल्या एका निकालात आहे. जमैकाच्या एका बाई वर्षातले अकरा महिने जमैकात राहून आपलं लॉजिंग चालवत आणि एक महिना अमेरिकेत जात. वर्षाचा नियम त्यांनी कधीच मोडला नव्हता. तरी मंडळ म्हणालं की यांचं घर जमैकातच आहे, अमेरिकेत त्या फक्त भेट द्यायला येतात. दर्जा गेला. वर्षाच्या आत पाय लावून येण्याचा हिशेब तेव्हाच निकालात निघाला होता. पन्नास वर्षं झाली, तरी आपल्याकडे तो अजून शहाणपणाचा सल्ला म्हणून फिरतो.

त्या निकालाने आणि नंतरच्या निकालांनी तीन गोष्टी पाहायच्या ठरवल्या. गेलात कशासाठी? तो मुक्काम कधी संपणार हे जाताना ठरलेलं होतं का? आणि तुमचं घर, नोकरी, जवळची माणसं कुठे आहेत? मधला प्रश्न सगळ्यात नाजूक. मुक्कामाला तारीख असावी, किंवा जवळच्या काळात घडेल अशी एखादी घटना तरी असावी, असं न्यायालयं म्हणतात. आईचं ऑपरेशन होऊन ती हिंडूफिरू लागली की मी परत येईन, ही अशी घटना आहे. आई आहे तोवर मी तिच्याजवळ राहीन, ही नाही. एकुलत्या एका मुलाला हे वाचताना काय वाटत असेल ते मी समजू शकतो. कायदा त्याच्या मायेवर शंका घेत नाही. त्याचं घर आता आईजवळ आहे, एवढंच म्हणतो.

आपल्या माणसांची खरी अडचण भाषेत आहे असं मला वाटतं. आपण म्हणतो, ‘मुलाकडे आलोय.’ पंधरा वर्षं तिथे राहिलेले, नातवंडांना शाळेत सोडणारे, तिथल्या भाजीबाजाराची खडान्‌खडा माहिती असलेले आजोबाही असंच म्हणतात. घर म्हणजे सांगलीचं, साताऱ्याचं, आणि इथे आपण मुलाकडे. यात खोटं काहीच नाही. आपल्यात घर या शब्दाला मूळ गाव चिकटलेलं असतं. पण काउंटरपलीकडच्या अधिकाऱ्याने ‘तुम्ही कुठे राहता?’ असं विचारलं आणि उत्तर आलं, ‘आम्ही पुण्याला राहतो, मुलाला भेटायला आलोय’, तर तो ते शब्दशः लिहून घेतो. मी कोणाला खोटं बोलायला सांगत नाही. प्रवासाला निघण्याआधी तो प्रश्न स्वतःला विचारा आणि खरं उत्तर शोधा, एवढंच सांगतो. औषधं कुठे सुरू आहेत, डॉक्टर कुठला, बँकेत रोजचा व्यवहार कुठे, राज्याचं ओळखपत्र आहे का, कपाट कुठे लावलंय? घर बदललं असेल तर नवा पत्ता सरकारला दहा दिवसांत कळवायचा असतो, तो कळवला का? या बारीकसारीक गोष्टींतूनच घर कुठलं ते ठरतं.

लांबचा मुक्काम आधीच ठाऊक असेल तर त्यासाठी री-एन्ट्री परमिट आहे. पासपोर्टसारखं दिसणारं एक पुस्तक. आय-131 नावाचा अर्ज भरून ते मागायचं असतं आणि अर्ज करताना तुम्ही अमेरिकेत असायला लागता. सांगलीत बसून तो करता येत नाही. बोटांचे ठसेही तिथेच द्यायचे. ते झाल्याशिवाय निघू नये, कारण त्यासाठी परत बोलावलं आणि जाता आलं नाही तर अर्ज बुडू शकतो. ठसे झाल्यावर मात्र निघायला हरकत नाही, पुस्तक परदेशातल्या वकिलातीत मागवून घेता येतं. ते जास्तीत जास्त दोन वर्षांचं असतं, वाढवून मिळत नाही. नवं हवं तर पुन्हा तिथे जाऊन नवा अर्ज करायचा. कार्ड मिळाल्यापासूनच्या मागच्या पाच वर्षांत चारहून जास्त वर्षं बाहेर काढली असतील तर साधारणपणे एकाच वर्षाचं मिळतं. या पुस्तकाचा फायदा मोठा असला तरी मोजका आहे. ते वैध असेपर्यंत केवळ मुक्काम लांबला म्हणून तुमचा दर्जा गेला असं म्हणता येत नाही. पण तिथलं घर विकून, खाती बंद करून, सामान कंटेनरने पुण्याला आणलं असेल, तर पुस्तक तुम्हाला वाचवणार नाही.

आणि परमिट नसताना वर्ष उलटून गेलं तर? करोनाच्या साथीमुळे 2020 च्या मार्चअखेर भारताने नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं थांबवली, ती पूर्ववत व्हायला 2022 चा मार्च उजाडला. मधल्या काळात काही विमानं चालू होती, पण सत्तरीच्या माणसाला त्या दिवसांत विमानात बसवायला कोणाचा जीव धजावणार? अशा वेळी परतणाऱ्या रहिवाशासाठीचा एसबी-1 व्हिसा असतो. डीएस-117 हा अर्ज भरून तीन गोष्टी दाखवायच्या: निघताना आपण कायम रहिवासी होतो, परतायच्या इराद्याने निघालो, आणि मुक्काम आपल्या हाताबाहेरच्या कारणाने लांबला. तिसऱ्या मुद्द्यापाशी बहुतेक अर्ज अडतात. हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरचं प्रवासबंदीचं पत्र, रद्द झालेलं तिकीट यांना इथे सोन्याचं मोल येतं. फ्लॅटचा व्यवहार अडकला होता, असं कारण सहसा टिकत नाही. अर्ज मान्य झालाच, तर पुढे मेडिकलसकट स्थलांतरिताचा व्हिसा जवळजवळ नव्याने काढावा लागतो.

कार्ड गेलं तर कोणाचं किती नुकसान होतं, हे सगळ्यांचं सारखं नाही. नागरिक मुलाच्या आईवडिलांसाठी मुलगा पुन्हा अर्ज करू शकतो; पैसे आणि दीड-दोन वर्षं जातात, पण वाट बंद होत नाही. भावाने बहिणीसाठी केलेल्या अर्जावर कार्ड आलं असेल, तर भारतीयांची ती रांग दीड-दोन दशकांची आहे. नोकरीतून मिळालेलं कार्डही भारतीयांना वर्षानुवर्षं थांबून मिळतं. वडिलांच्या आजारपणात ‘बघू पुढचं पुढे’ म्हणत चौदा महिने पुण्यात राहिलेल्या चाळिशीतल्या इंजिनिअरने परमिटचा अर्ज केला नसेल, तर त्याने पणाला काय लावलंय हे त्याला कोणीतरी वेळेत सांगायला हवं.

तरुण मुलींसाठी एक नियम मला फार मोलाचा वाटतो आणि तो आपल्याकडे थोड्यांनाच माहीत आहे. ग्रीन कार्डवर असलेली मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली आणि बाळ इथेच जन्मलं, तर त्या बाळासाठी वेगळी व्हिसाची रांग लावावी लागत नाही. बाळ दोन वर्षांचं व्हायच्या आत, आईच्या पहिल्याच परतीच्या प्रवासात तिच्यासोबत ते जाऊ शकतं आणि तिथे उतरल्यावर त्याला कायम रहिवाशाचा दर्जा मिळतो. अट ‘पहिल्याच’ या शब्दात आहे. बाळाला आजीकडे ठेवून आई मध्ये एकदा जाऊन आली की ही सवलत संपते.

करांकडे लोक सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतात. कार्डधारकाने जगात कुठेही राहून आपलं जगभरचं उत्पन्न अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवायचं असतं. सांगलीच्या बँकेतल्या एफडीचं व्याज, भाडं, पेन्शन, सगळं. परदेशी खात्यांमधली एकूण शिल्लक वर्षात एकदाही 10,000 डॉलरच्या वर गेली तर त्याची माहिती वेगळी द्यायची. आयुष्यभराची बचत एफडीत ठेवणाऱ्या निवृत्त शिक्षकाची रक्कम सहज तेवढी होते. भारतात वर्षाला 182 दिवस भरले की इथलं आयकर खातंही तुम्हाला रहिवासी धरतं. मग कोणीतरी सुचवतं की दोन देशांच्या करारातली सवलत घ्या, तिकडे स्वतःला अनिवासी दाखवा, कर वाचेल. कर वाचतोही. पण मी अमेरिकेचा रहिवासी नाही, असं तुम्ही स्वतःच्या सहीने लिहून दिलेलं असतं, आणि कार्ड सोडल्याचा पुरावा म्हणून त्याच्याइतका सोपा कागद दुसरा नाही. दोन्हीकडचे कर समजणारा सल्लागार शोधा, त्याची फी द्या.

आता विमानतळ. 2025 च्या मार्चमध्ये आपल्या वृत्तपत्रांत बातम्या आल्या की हिवाळा भारतात काढून परतणाऱ्या वयस्कर कार्डधारकांवर आय-407 या अर्जावर सही करण्यासाठी दबाव आणला जातोय. आय-407 म्हणजे आपण होऊन कार्ड सोडल्याची कबुली. आपण होऊन, हे शब्द महत्त्वाचे. अधिकाऱ्याला एकट्याने तुमचा दर्जा काढून घेता येत नाही. त्याला शंका असेल तर तो नोटीस देऊन प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशासमोर पाठवू शकतो, आणि तिथे दर्जा सोडला हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर असते. ती किती भारी आहे ते 1988 मधल्या निकालाने सांगितलेलं आहे: पुरावा स्पष्ट, निःसंदिग्ध आणि पटणारा हवा. सही केली की हे सगळं हातचं जातं. रात्रभराच्या प्रवासाने थकलेल्या, इंग्रजी जेमतेम कळणाऱ्या बाईपुढे कागद सरकवला जातो, बाहेर मुलगा तासन्‌तास उभा असतो. अशा वेळी सही करून मोकळं व्हावं असंच वाटणार. म्हणून घरून निघायच्या आधी एवढं पाठ करून जायला हवं: मी सही करणार नाही, मला न्यायाधीशासमोर सुनावणी हवी, मला मराठी दुभाषा हवा.

ज्यांना दरवर्षीची ही धाकधूक नको, त्यांच्यापुढे नागरिकत्वाचा पर्याय आहे. पाच वर्षांचं सलग वास्तव्य आणि त्यातले निम्मे, म्हणजे 30 महिने, प्रत्यक्ष अमेरिकेत. इथे सहा महिन्यांहून लांब फेरी सलगता मोडते असं गृहीत धरतात, आणि री-एन्ट्री परमिट त्यापासून वाचवत नाही. पंचावन्न वर्षांवरच्या आणि पंधरा वर्षं कार्डधारक असलेल्या माणसाला इंग्रजीची परीक्षा माफ असते. तिथल्या राज्यकारभारावरचे प्रश्न तो दुभाषा नेऊन मराठीत सोडवू शकतो. बदल्यात भारताचा पासपोर्ट जातो आणि त्या जागी परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड येतं. मतदानाचा हक्क सोडताना ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं अशा माणसांना मी ओळखतो.

आत्याला अडवलं. दुसऱ्या खोलीत अडीच तास बसवलं. तिच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल होती: खुब्याचे एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, फिजिओथेरपीच्या पावत्या, पडण्याआधीच काढलेलं मे महिन्याचं परतीचं तिकीट, तिकडच्या कराची तीन वर्षांची विवरणपत्रं. तिने दुभाषा मागितला. फोनवर मराठी बोलणारी एक बाई आली. कुठे राहता, असं विचारल्यावर आत्या थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘‘राहते मुलाजवळ. सांगलीला माझं सासरचं घर आहे, तिथे थंडीत जाते. या खेपेला पडले म्हणून अडकले.’’ अधिकाऱ्याने कागद पाहिले, पुढच्या वेळी इतका उशीर करू नका असं सांगितलं आणि शिक्का मारला.

यंदा जूनमध्येच तिने परमिटचा अर्ज केला. ठशांची तारीख दसऱ्यानंतरची आली, म्हणून दसऱ्याचं तिकीट दिवाळीवर ढकललं. न्हाणीघराचा उंबरा मात्र तिने फोनवरून सांगून आधीच काढून टाकायला लावलाय.