घारापुरीला कसे जावे?

घारापुरी बेट आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. पण चहूकडे समुद्र. म्हणून आपण मुंबईहून जाऊ.

खोपोलीहून लोकल पकडावी. थेट गाडी नसली तर कर्जतला बदलावी. मुंबईला शेवटच्या स्टेशनावर उतरून गेटवेच्या धक्क्यावर जावे. तेथून बोटीने तासाभरात बेट येते. सुमारे सव्वाशे पायऱ्या चढल्या की लेणी लागतात. खडकातच कोरलेली शिवाची तीन मुखे पाहून आपण थक्क होतो. सोमवारी मात्र लेणी बंद असतात.

१८ डिसेंबर २०२४ रोजी याच वाटेवर एक बोट बुडाली. माणसे दगावली. म्हणून बोटीत बसताच लाइफ जॅकेट, म्हणजे पाण्यावर तरंगत ठेवणारे जाकीट, अंगात घालावे. पोरांनाही घालावे.

पाहुण्यांना रात्री बेटावर राहता येत नाही. शेवटच्या बोटीची वेळ विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवू. आता आपल्याला लिहिता येते ना!