खुर्चीपुढे गुडघे टेकलेली माणसं

प्रार्थनेवरच्या आपल्या या मालिकेत आज जरा वेगळा विषय घेऊ. चार-सहा ख्रिस्ती माणसं एखाद्या घरी जमतात, पाळक नसतो, छापील उपासनाक्रम नसतो, आणि तरी सगळे मिळून प्रार्थना करतात. हे नेमकं चालतं कसं? बाहेरच्या माणसाला ते कसं दिसतं, याचं फार प्रामाणिक वर्णन एका मराठी बाईंनी करून ठेवलं आहे. त्यासाठी १८७८ सालच्या कोलकात्यात जावं लागेल.

अनंतशास्त्री डोंगरे यांची मुलगी रमा तेव्हा वीस वर्षांची होती. दुष्काळाच्या त्या वर्षांत आई, वडील आणि मोठी बहीण गेली होती. उरलेला भाऊ श्रीनिवास आणि ती, दोघं पायी हिंडत कोलकात्याला पोचली. याच शहरात तिच्या संस्कृतावर खूष होऊन विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. आणि इथल्याच ख्रिस्ती लोकांनी या भावंडांना एका स्नेहमेळाव्याला बोलावलं.

पुढे १९०७ साली रमाबाईंनी आपली साक्ष इंग्रजीत लिहिली, तीत हा प्रसंग आहे. इंग्रजांबरोबर खाणारे हिंदी लोक बघून या दोघांना वाटलं, कलियुग पुरतं आलं! मग कुणीतरी एक पुस्तक उघडून त्यातलं काही वाचलं. नंतर सगळे आपापल्या खुर्चीपुढे गुडघे टेकून बसले आणि डोळे मिटून काहीबाही बोलू लागले. समोर मूर्ती नाही, तसबीर नाही. तेव्हा ही माणसं खुर्च्यांनाच नमस्कार करत असावीत, असा या भावंडांचा समज झाला.

हसू येतं, पण त्यात चूक काय? पूजेत समोर देव असतो, मंत्र असतो, पुरोहित असतो. इथे तिन्ही नाहीत. खुर्चीचा खुलासा अगदी साधा आहे. माणूस उठतो, मागे वळतो, गुडघे टेकतो आणि कोपरं खुर्चीच्या बैठकीवर ठेवतो. खुर्ची फक्त टेकायला. बोलणं सगळं न दिसणाऱ्या देवाशी.

आता पद्धत. सहसा कुणी एक जण शास्त्रातला छोटा उतारा वाचतो. मग विषय विचारले जातात: कुणाचं ऑपरेशन आहे, कुणाचा मुलगा घर सोडून गेला आहे, कुणाची नोकरी गेली आहे. मग एकेक जण आपल्या शब्दांत प्रार्थना करतो आणि बाकीचे शेवटी ‘आमेन’ म्हणतात. हा ‘आमेन’ म्हणजे नुसता पूर्णविराम नव्हे. ‘तुझं मागणं ते माझंही मागणं’ अशी ती सही आहे. म्हणून तर पौलाने करिंथच्या मंडळीला विचारलं होतं, की तुम्ही काय बोललात हे ज्याला कळलंच नाही तो आमेन म्हणेल कसा?

कोलकात्यासारख्या शहरात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. एकाच खोलीत बंगाली, हिंदी, नेपाळी, संथाळी बोलणारी माणसं असू शकतात, त्यात बदलीवर आलेलं एखादं मराठी कुटुंब. अशा वेळी विषय सगळ्यांना समजेल त्या भाषेत सांगावा आणि प्रार्थना मात्र ज्याने त्याने आपल्या भाषेत करावी, असं मला वाटतं. दुःख परक्या भाषेत मांडायला लागलं की माणूस पाठ केल्यासारखा बोलतो. कोलकात्याजवळच्याच श्रीरामपुरातून विल्यम कॅरी यांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण आणि १८११ साली मराठी नवा करार छापला, तोही याच गरजेपोटी.

रमाबाईंना त्या ख्रिस्ती लोकांनी संस्कृत बायबल भेट दिलं होतं. एवढी मोठी पंडिता, पण त्याची भाषा तिला परकी वाटली, वाचणं व्यर्थ वाटलं. तरी तिने ते कायम जवळ ठेवलं. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये याच बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणायला आयुष्याची शेवटची वर्षं दिली.

त्याच केडगावात जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी रोज एकत्र प्रार्थना करायला कोण येईल, असं विचारलं. सत्तर जणी पुढे आल्या. जूनअखेर हा आकडा साडेपाचशेवर गेला. तिथे पुष्कळदा सगळ्या एकदमच मोठ्याने प्रार्थना करत. काहींना तो गोंगाट वाटे. एक मात्र खरं, त्या गजरात लाजाळू मुलीचाही आवाज निघत असे, कारण तिचं व्याकरण कुणी तपासत नव्हतं.

लहान गटात हीच भीती सर्वांत मोठी असते: ‘मला त्यांच्यासारखं बोलता येत नाही.’ ती वाढते चांगलं बोलणाऱ्यांमुळेच. एक काका दहा मिनिटं प्रार्थना करतात, त्यात अर्धं प्रवचन असतं, आणि पुढच्या माणसाची हिंमत संपते. दिसण्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांना येशूने स्पष्ट शब्दांत सुनावलं आहे. १८५७ साली न्यूयॉर्कच्या फुल्टन स्ट्रीटवर दुपारच्या प्रार्थनासभेत कुणीही पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये असा नियम होता, आणि त्यासाठी घंटी ठेवलेली असे. आपल्याकडे घंटी नको, पण यजमानाने आधीच ‘दोन-तीन वाक्यं पुरेत’ असं सांगितलं तर किती जणांचा जीव भांड्यात पडेल.

दुसरा धोका जास्त गंभीर. ‘प्रभू, अमक्या ताईंच्या नवऱ्याचं दारूचं तू बघ’, असं म्हटलं की ती प्रार्थना राहत नाही, चहाडी होते. त्या ताईंनी स्वतः सांगितलं असेल तरच नाव घ्यावं, आणि खोलीतलं खोलीतच ठेवावं. एकदा बाहेर फुटलं की ती बाई पुन्हा येत नाही, आणि आली तरी ‘सगळं ठीक आहे’ एवढंच सांगते.

आणि जो काहीच बोलत नाही, त्याला ‘आता तुम्ही’ म्हणून ढोसू नका. त्याने मनापासून आमेन म्हटलं, तर तोही प्रार्थनेत आहे. मधे शांतता पसरली तर पसरू द्या. बहुतेक वेळा कुणीतरी शब्द जुळवत असतं.