व्यवस्थापकाची उमेदवारी : पदवीसोबत काम, कामासोबत करार

‘उमेदवार’ म्हटले की आज निवडणुकीतला माणूस डोळ्यांसमोर येतो. शब्दाचा जुना अर्थ वेगळा होता. कचेरीत किंवा पेढीवर बिनपगारी, फार तर नाममात्र वेतनावर राहून, वरिष्ठांच्या हाताखाली काम शिकणारा तरुण म्हणजे उमेदवार. कायद्याच्या भाषेत तो ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणून टिकला; पण लोकांच्या मनात तो कारखान्यातल्या फिटर-वेल्डरपुरताच राहिला. व्यवस्थापक होण्यासाठीही ही वाट खुली आहे, याची कल्पना पुष्कळ पालकांना नसते.

शिकाऊ उमेदवार कायदा १९६१चा. १९७३च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवीधर व पदविकाधारक त्यात आले, २०१४च्या दुरुस्तीने अन्य शाखांचे पदवीधरही. पुढे २०१९च्या नियमांनी पदवीचा अभ्यास चालू असतानाच त्याचा भाग म्हणून उमेदवारी करण्याची सोय केली, आणि २०२०मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अशा पदव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे बंधनकारक आहे.

व्यवस्थापनाला ही पद्धत का मानवते, हे गोव्यातल्या कोणत्याही मोठ्या हॉटेलात कळते. जुलैत निम्म्या खोल्या रिकाम्या, तेव्हा कोणाला रजेवर पाठवायचे? डिसेंबरच्या अखेरीस एकही खोली मोकळी नसताना दोघे कर्मचारी आजारी पडले, तर पाळ्या कशा लावायच्या? भांडारात किती माल भरायचा, वाया किती जाईल, चिडलेल्या पाहुण्याला सवलत द्यायची की नुसती दिलगिरी व्यक्त करायची, हे पुस्तकात असते. पण उत्तरपत्रिकेतले उत्तर चुकले तर दुसऱ्या दिवशी कोणाचा खोळंबा होत नाही. सर्वांत अवघड गोष्ट तर वेगळीच. वीस वर्षे सेवेत असलेल्या माणसाला एकविशीतल्या मुलाने काम सांगायचे, तेही त्याचा मान राखून. हे कोणत्याही सत्रात शिकवता येत नाही. म्हणून ज्याने पावसाळा आणि हंगाम दोन्ही पाहिले, त्याचीच उमेदवारी पुरी झाली म्हणायची.

हॉटेल व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना काही महिन्यांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण पूर्वीपासून असतेच. कायद्यान्वये होणाऱ्या उमेदवारीत त्याला नोंदणीकृत कराराची जोड मिळते. विद्यावेतनाला किमान मर्यादा आहे. २०१९च्या नियमांत पदवी पातळीवरील उमेदवारासाठी ती दरमहा ९,००० रुपये ठरवली गेली. प्रशिक्षण सल्लागाराच्या मंजुरीशिवाय जादा वेळ काम करवून घेता येत नाही. हंगामात नेमके हेच कलम विसरले जाते. कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकाची.

खोट आहे ती पुढे. कायद्याच्या दृष्टीने उमेदवार हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. त्यामुळे आरोग्य, सुरक्षितता यांसारख्या विशेष तरतुदी सोडल्या तर कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. ज्या आस्थापनाला शिकवायचे नाही, त्याला हा स्वस्त हात वाटतो. वर्षभर स्वागतकक्षात उभा केलेला मुलगा हसतमुखाने नमस्कार करायला शिकेल, व्यवस्थापन नव्हे. करार करण्यापूर्वी म्हणूनच विचारावे : किती विभागांत फिरवणार? शिकवण्याची जबाबदारी कोणा एका नेमलेल्या माणसावर आहे का? पाळ्यांचा तक्ता, मालाची मागणी, एखाद्या छोट्या गटाचे काम, यांतले काही स्वतंत्रपणे सोपवणार का? आणि महाविद्यालयातले कोणी मधूनमधून येऊन पाहणार का? या शेवटच्या प्रश्नावर महाविद्यालयेच अनेकदा गडबडतात.

नोकरीची हमी कायदा देत नाही. करारात तसे लिहिले नसेल, तर मालकावर नोकरी देण्याचे बंधन नाही आणि उमेदवारावर ती स्वीकारण्याचेही नाही. मात्र २०१४च्या दुरुस्तीनुसार, प्रशिक्षण पुरे केलेल्यांना सेवेत घेण्याबाबत प्रत्येक आस्थापनाने आपले धोरण ठरवायचे आहे. ते लेखी मागता येते.

उमेदवार अठरा वर्षांखालील असेल तर करार पालकाला करावा लागतो. पदवीचे विद्यार्थी बहुधा ते वय ओलांडलेले असतात. तेथे सही एकट्या विद्यार्थ्याचीच असते.