वालेन्सियात घर घेतलं की युरोपात राहता येतं? रीलमध्ये न सांगितलेल्या गोष्टी

निळा समुद्र, संत्र्याची झाडं आणि वर मोठ्या अक्षरांत, ‘इथे घर घ्या, युरोपात राहा!’ स्पेनमधल्या वालेन्सिया शहराचं असं रील तुम्हालाही दिसलं असेल. त्यातली घर घेण्याची गोष्ट खरी आहे. पण घर घेतलं म्हणून तिथे राहता येत नाही.

व्हिसाचं काय?

स्पेनमध्ये ५ लाख युरोंची मालमत्ता घेणाऱ्या परदेशी लोकांना ‘गोल्डन व्हिसा’ मिळायचा. २०१३मध्ये सुरू झालेली ही योजना ३ एप्रिल २०२५पासून बंद झाली. आता भारतीय माणूस तिथे घर घेऊ शकतो, पण शेंगेन पर्यटक व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसच राहू शकतो. स्वतःच्या घरातसुद्धा!

फिरायला जावं का?

नक्की जावं. रोमन लोकांनी इ.स.पू. १३८मध्ये हे शहर वसवलं. इथला जुना रेशीम बाजार युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पाएला हा भाताचा प्रकार याच भागातला. मार्चमध्ये ‘फायास’ उत्सवात चौकाचौकांत भव्य पुतळे उभारतात आणि १९ तारखेच्या रात्री जाळतात.

घर नदीच्या कुठल्या बाजूला?

१९५७च्या महापुरानंतर तुरिया नदीचा प्रवाह शहराच्या दक्षिणेकडून वळवला गेला. जुन्या पात्रात आज लांबलचक बाग आहे. ऑक्टोबर २०२४च्या पुरात या नव्या पात्रामुळे जुनं शहर वाचलं, पण त्यापलीकडच्या पायपोर्तासारख्या गावांत हाहाकार उडाला. वालेन्सिया प्रांतात २००हून जास्त माणसं गेली. त्यामुळे स्वस्त घर दिसलं, की आधी पूररेषेचा नकाशा बघा.

खरेदी कशी होते?

आधी ‘एनआयई’ हा परदेशी व्यक्तीचा ओळख क्रमांक काढावा लागतो. आपण इंडेक्स टू बघतो, तसा तिथे ‘नोता सिंप्ले’ हा नोंदणी उतारा बघायचा. मालक कोण, घरावर कर्जाचा बोजा आहे का, हे त्यात कळतं. मग बयाणा, तो साधारण १० टक्के असतो. नेहमीच्या करारात तुम्ही मागे हटलात तर तो बुडतो. विकणारा हटला तर त्याला दुप्पट परत करावा लागतो. शेवटी नोटरीसमोर सही. कर आणि इतर खर्च किमतीच्या १० टक्क्यांच्या वर जाऊ शकतो, तो वेगळा धरा.

भारतात राहणारी व्यक्ती एका आर्थिक वर्षात २.५ लाख डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवू शकते. शिवाय ते घर इथल्या प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवावं लागतं.

पर्यटकांना भाड्याने दिलं तर?

परवाना लागतो. एप्रिल २०२५पासून नव्याने सुरू करायचं असेल, तर इमारतीतल्या तीन-पंचमांश मालकांची संमतीही लागते. त्यामागे स्थानिकांचा राग आहे. पर्यटकांच्या फ्लॅटमुळे भाडी परवडत नाहीत, म्हणून वालेन्सियात हजारो लोक रस्त्यावर उतरले होते.

म्हणून टोकन देण्याआधी पर्यटक म्हणून जाऊन या. आवडलेल्या गल्लीत दोन आठवडे राहा आणि विक्रेत्याशी संबंध नसलेला वकील शोधा. रील बनवणाऱ्याला त्याचं कमिशन मिळेल, कागद मात्र तुम्हालाच तपासायचे आहेत.