शेतातले दोन वटवटे

पावसाळ्यात बांधावर उभे राहिले की चिमणीहून बारीक, उभ्या शेपटीचा एक पक्षी सारखा बडबडताना दिसतो. हा वटवट्या. आम्हीही पुष्कळ दिवस सगळे वटवटे एकच समजत होतो. वास्तविक आपल्याकडे दोन सख्खे शेजारी आहेत : राखी वटवट्या व साधा वटवट्या. दोघेही दख्खनमध्येच प्रथम नोंदले गेले. कर्नल साइक्स यांनी 1832 साली दोघांना शास्त्रीय नावे दिली.

ओळखायचे कसे? राखी वटवट्याचे डोके व पाठ राखेच्या रंगाची, पोट तांबूस पिवळसर. विणीच्या दिवसांत त्याला भुवई नसते. उडताना चुलीतली काटकी तडकावी तसा कट्-कट् आवाज येतो. साधा वटवट्या मातकट. पोट मळकट पांढरे आणि डोळ्यावर फिकट भुवई ठळक. त्याचे गाणे नाकतोड्याच्या किरकिरीसारखे.

घरटे पाहिले की शंकाच उरत नाही. राखी वटवट्या परसात, वांग्या-भेंडीसारख्या रुंद पानांच्या झाडावर शिंप्याप्रमाणे पाने शिवून आत घर करतो. त्याची अंडी चकचकीत विटकरी. साधा वटवट्या उंच गवतात, उसात किंवा ज्वारीत गवताच्या बारीक पट्ट्यांची उभी थैली विणतो. त्याची अंडी हिरवट निळी, त्यांवर तपकिरी ठिपके व रेघोट्या.

हा फरक कळून उपयोग काय? घरटे कोठे असेल ते आधी कळते. गेल्या पावसाळ्यात आम्ही बांधावरचे गवत न पाहताच कापले. विळ्याबरोबर थैली आली, आत चार पिल्ले. आईबाप चोचीत अळ्या घेऊन दिवसभर त्या जागी घिरट्या घालीत होते. ते पाहून विळा ठेवून दिला, पण उशीर झाला होता.

तेव्हा एवढे करावे. गवत कापण्यापूर्वी काठीने हलके हलवावे. पक्षी ओरडत भोवती फिरू लागला की तेवढा हातभर तुकडा राखावा. भाजीवर औषध मारण्याआधी शिवलेली पाने पाहावीत. त्या झाडावर फवारा मारू नये, अळ्या हाताने वेचाव्यात. अंडी घातल्यापासून महिन्याभरात पिल्ले उडून जातात. मग गवत खुशाल कापावे. आपले काही बुडत नाही, आणि अळ्या टिपणारे चार गडी बिनपगारी मिळतात.