उन्हात रेलिंग लांबतं, त्याला जागा ठेवा

नंदुरबार-शहाद्याकडे मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो. गच्चीवरचा लोखंडी पाइप तर उन्हात 60 पर्यंत तापतो. थंडीतल्या पहाटे तोच 10 अंशांवर. या 50 अंशांच्या फरकात 6 मीटरचा साधा लोखंडी पाइप साडेतीन मिलिमीटर लांबतो, स्टेनलेस स्टीलचा 5, अॅल्युमिनियमचा जवळपास 7. दोन्ही टोकं भिंतीत सिमेंटने गच्च बुजवली, की पाइप वाकतो नाहीतर गिलावा फुटतो. आपल्याकडे सर्रास हेच चालतं! खरं तर एक टोक पक्कं करायचं, दुसरं आतल्या स्लीव्हवर सरकतं ठेवायचं. ब्रॅकेटला गोल नव्हे, लांबट भोक. काम थंडीत करत असाल तर फट जरा जास्त सोडा. फॅब्रिकेटरला हे माप घेतानाच सांगा.